ओबीचा डोंगर

चंद्रपुरात नवे डोंगर वाढतात. दुर्गापूर, पद्मापूर, भटाडीच्या उघड्या खाणींत कोळशावरची माती आणि दगड उपसून बाजूला रचत गेलं की टेकडी होते. इथले लोक तिला ‘ओबी’ म्हणतात. काही पावसाळ्यांत तिच्यावर वेडी बाभूळ माजते. त्या काटेरी गचपणात रानडुकरं येतात, मोकाट जनावरं शिरतात आणि त्यांच्यामागून वाघ. डंपरच्या वाटेलगतच्या काळ्या धुळीत उमटलेला पंजा मी वाकून पाहिला आहे: चार बोटं, मागे रुंद गादी, नखांचा मागमूस नाही.

बघा, वाघ खाणीसोबत जगायला शिकला, असं काही जण समाधानानं म्हणतात. मला ते पटत नाही. जवळच ताडोब्याचं रान आहे; ते 1955 साली राष्ट्रीय उद्यान झालं, राज्यातलं पहिलं. तिथे वयात आलेल्या नराला आईचं रान सोडावंच लागतं. बाहेर पडलं की वाटेत खाण, वीजकेंद्र, रेल्वे, वस्ती. ओबीवर तो थांबतो तो पुढची वाट बुजली म्हणून. याची किंमत गरीब माणूस मोजतो. 2022च्या फेब्रुवारीत महाऔष्णिक वीजकेंद्राच्या आवारात वाघानं एक कामगार मारला. दुसऱ्याच दिवशी दुर्गापुरात बिबट्यानं सोळा वर्षांचं पोर नेलं. कामावरून घरी निघालेल्या माणसाला वाघाची भीती वाटावी, याला सहजीवन कसं म्हणू?

कोळसा आजच बंद करा, असं मी म्हणत नाही. वरोऱ्याची खाण दीडशे वर्षांपूर्वीची. इथल्या कित्येक घरांची चूल कोळशावरच पेटली. इरई धरणाचं पाणी वीजकेंद्राला जातं आणि त्याच धरणाचा फुगवटा ताडोब्याच्या रानाला टेकतो, इतकं सगळं एकमेकांत गुंतलेलं. पण काही जागा खोदायच्याच नाहीत. ताडोब्याजवळ लोहाऱ्याला खाण येणार होती. चंद्रपूरकर उपोषणाला बसले आणि 2009 मध्ये ती थांबली. तिथला कोळसा जमिनीतच राहिला म्हणून राज्य अंधारात गेलं नाही.

आणि जिथे खोदलं, तिथे वेडी बाभूळ दाखवून रान परत दिलं म्हणू नये. वस्तीला लागून असलेली झुडपं काढायला हवीत. वाघाच्या वाटेवरच्या ओबीवर गवत, बांबू, मोह, तेंदू लावून ते जगवायला हवेत, तेही खाण चालू असताना, कोळशाच्या पैशातून. खाण बंद पडल्यावर कुणाला विचारणार?