समुद्र नसलेल्या गावचे दर्यावर्दी

माझं माहेर रत्नागिरीचं आणि सासर भंडाऱ्याचं. मुंबईहून गाडीत बसलं की वरठीचं भंडारा रोड स्टेशन येईपर्यंत जवळजवळ नऊशे किलोमीटर होतात. पूर्वेचा बंगालचा उपसागरही काही हाताशी नाही. त्यामुळे माहेरची माणसं अजून विचारतात, "समुद्रावाचून करमतं का गं तुला तिकडे?" करमतं. आणि आता तर मी त्यांना उलट सांगते, की समुद्र तुमच्याकडे असेल, पण समुद्र ओलांडणारे पाहुणे आमच्याकडे येतात.

हा विषय घरात निघाला तो पेंग्विनवरून. सुटीत मुंबईला गेलं की मुलांना राणीच्या बागेतले पेंग्विन दाखवावेच लागतात. २०१६ साली दक्षिण कोरियातून आणलेले हे हम्बोल्ट जातीचे पक्षी थंड ठेवलेल्या काचघरात राहतात. त्यांच्या भाऊबंदांपैकी मॅगेलन पेंग्विन अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावर घरटी करतात, तिकडचा हिवाळा आला की समुद्रातून ब्राझीलच्या दिशेने पोहत जातात आणि पुढच्या हंगामात पुन्हा आपल्या जुन्या बिळाशी येतात. हे ऐकून धाकटीने लगेच विचारलं, "मग आपल्या भंडाऱ्यात का नाही येत असं कुणी?"

येतं ना! पहिला मान चातकाचा. जून उजाडला, आभाळ भरून आलं, की तारेवर नाहीतर बाभळीच्या शेंड्यावर एक काळा-पांढरा पक्षी दिसतो. डोक्यावर ऐटदार शेंडी, पोट पांढरं, पंखावर पांढरा ठिपका आणि सारखा "पियू, पियू" असा धोशा. त्याचा आवाज आला की आमच्या सासूबाई अंगणातल्या गोवऱ्या आवरायला घेतात. "पानी येते आता, बाई," एवढंच म्हणतात. पुष्कळजणी चातक आणि पावशा एकच समजतात, पण पावशा वेगळा. तो राखी रंगाचा, शिकऱ्यासारखा दिसणारा, आणि "पेर्ते व्हा" ओरडणारा. चातकांपैकी दक्षिण भारतातले काही बारमाही इथलेच असतात. पण मध्य आणि उत्तर भारतात पावसाबरोबर येणारे चातक आफ्रिकेतून, अरबी समुद्र ओलांडून, नैर्ऋत्येच्या वाऱ्याच्या पाठबळावर येतात. कालिदासाच्या 'मेघदूता'तही चातक आहे, आणि मेघदूताचं म्हणून सांगितलं जाणारं रामटेक तर आमच्या शेजारच्याच जिल्ह्यातलं. चातक फक्त पावसाचे थेंब पितो हे कवींचं बोलणं. प्रत्यक्षात तो केसाळ सुरवंटांवर ताव मारतो. घरटं बांधायची कटकट त्याने ठेवलेलीच नाही. अंडी सातभाईंच्या घरट्यात घालायची आणि पोरं त्यांच्याकडून वाढवून घ्यायची! पाऊस सरला की स्वारी परतीला लागते.

दुसरा पाहुणा पक्षी नाही, कीटक आहे. आपला चतुर. भुलाबाई बसते त्या दिवसांत, धान निसवायला लागलेलं असताना, शाळेच्या मैदानावर संध्याकाळी पिवळसर-तांबूस चतुरांचे थवे घिरट्या घालताना दिसतात. बसायचं नाव नाही. बसलाच तर काडीला उभा लोंबकळतो. पंखांसकट आडवा मोजला तर सात-आठ सेंटिमीटर, आणि वजन एका ग्रॅमहूनही कमी. मी अर्धवेळ शिकवते त्या वर्गातली मुलं त्याच्या शेपटीला दोरा बांधून त्याला उडवत. आपणही लहानपणी हे पाहिलेलं असेल. हाच चतुर समुद्रपार जातो, असं सांगितलं तेव्हा सगळा वर्ग माझ्याकडे बघत राहिला.

ही गोष्ट उजेडात आणली चार्ल्स अँडरसन या सागरी जीवशास्त्रज्ञाने. ते १९८३ पासून मालदीवमध्ये राहत होते. दर वर्षी ऑक्टोबर महिन्यात तिथे अचानक चतुरांचे ढगच्या ढग उतरायचे. पण मालदीव म्हणजे प्रवाळांची छोटी छोटी बेटं. चतुराच्या पिल्लांना वाढायला गोडं उघडं पाणी लागतं, आणि ते तिथे जवळजवळ नाहीच. मग हे येतात कुठून? वर्षानुवर्षं तारखा टिपून, वाऱ्यांची दिशा पडताळून त्यांनी २००९ मध्ये मांडलं, की हे चतुर भारताकडून येतात, उंचावरच्या वाऱ्यावर स्वार होऊन मालदीव, सेशेल्स असे टप्पे घेत पूर्व आफ्रिका गाठतात. तिकडच्या पावसात त्यांची पुढची पिढी वाढते आणि मान्सूनच्या वाऱ्याबरोबर वंशज पुन्हा इकडे येतात. जाऊन-येऊन चौदा ते अठरा हजार किलोमीटरची ही वारी. ती एकटा चतुर पुरी करत नाही, चार पिढ्या मिळून करतात.

पुढे २०१२ मध्ये मालदीवच्या चतुरांच्या पंखांची तपासणी झाली. पिल्लू ज्या पाण्यात वाढतं त्या पाण्याची खूण, म्हणजे त्यातल्या हायड्रोजनचं विशिष्ट प्रमाण, पंखात कायमची राहते. त्यावरून कळलं की हे चतुर भारतीय उपखंडाच्या उत्तर भागातल्या पाण्यात वाढलेले होते. मला हे वाचून फार नवल वाटलं. कुठेही जा, किती समुद्र ओलांडा, जन्मगावचं पाणी पंखात असतंच! सासरी नांदणाऱ्या आपणां सगळ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

या चतुरांच्या मागोमाग, त्याच सुमारास, आणखी एक प्रवासी समुद्र ओलांडतो. अमूर ससाणा. पारव्याहूनही लहान, दीडशे ग्रॅमच्या आसपास वजनाचा. सैबेरिया, मंगोलिया आणि उत्तर चीनमध्ये त्याची वीण होते. तिथून तो नागालँड-मणिपूरला उतरतो, उडत्या वाळवीवर पोट भरून घेतो आणि मग भारत ओलांडून, अरबी समुद्रावरून सलग उडत आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे जातो. वाटेत समुद्रावर तो चतुरांवरच गुजराण करत असावा, असं अँडरसन यांचं मत. २०१२ साली नागालँडमध्ये दोयांग जलाशयाकाठी हे ससाणे जाळ्यांत पकडून हजारोंनी मारले गेले, त्याचा मोठा गवगवा झाला. आणि दुसऱ्याच वर्षी, २०१३ मध्ये, तिथल्या गावकऱ्यांनी शिकार थांबवली. त्या हंगामात एका मादीच्या पाठीवर लहानसं यंत्र बसवून तिला सोडलं, आणि तिला पांगती या गावाचंच नाव दिलं.

आता आपलं गाव काय करतं ते पाहू. भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. गोंड राजांच्या काळी कोहळी समाजाच्या लोकांनी उताराचं पाणी मातीच्या पाळी घालून अडवलं. त्याच जुन्या तलावांना आपण मालगुजारी तलाव म्हणतो. नवेगावबांधचा मोठा तलाव त्यांतलाच. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा तो तिकडे गेला. हिवाळ्यात हिमालयापलीकडची बदकं या तलावांवर उतरतात. शेतावरची बोडी म्हणजे तलावाची धाकटी बहीण. बोडीतून पाणी धानाच्या बांध्यांत येतं. चतुराला असंच साचलेलं, पावसाचं, उन्हाने कोमट झालेलं पाणी हवं असतं. आणि त्याची पिल्लं पाण्यातल्या डासांच्या अळ्या खातात, म्हणजे पाहुणा पाहुणचाराची परतफेडही करून जातो.

पन्नासच्या दशकाच्या आरंभी मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि गावाने मिळून गाळ काढायची जुनी पद्धत मागे पडली. कित्येक तलावांत गाळ साठला आणि बेशरम माजली. आमच्या घरामागे एक बोडी होती. दोन उन्हाळ्यांत मुरूम टाकून ती बुजवली आणि तिथे प्लॉट पडले. आमच्याही घरी बोलणं निघालं. भाव परवडणारा, शाळा जवळ, आणि भाड्याच्या घरात किती दिवस काढायचे? ह्यांनी कागद आणून टेबलावर ठेवले. मी म्हटलं, पाण्याची जागा आहे, पावसाळ्यात पाणी आपली जागा शोधत येणारच. शिवाय मुलांना मी वर्गात जे शिकवते ते त्या घराच्या ओसरीवर बसून कसं शिकवू? दोन दिवस घरात जरा अबोला होता. मग हे एका श्रावणातल्या पावसात स्वतः जाऊन जागा पाहून आले. चपला हातात घेऊनच आले. कागद परत गेले. आम्ही अजून भाड्यानेच राहतो. त्या जागेवर आता चतुरांचा थवा दिसत नाही, गटाराशी डास मात्र पुष्कळ झालेत.

पण नुसतं हळहळत बसायचं कारण नाही. नवेगावबांधच्या भागात ढिवर समाजाच्या लोकांनी, त्यात बायकाही पुढे होऊन, तलावात उतरून बेशरम मुळासकट उपटली आणि देशी पाणवनस्पती परत लावल्या. त्यातून मासळीला आसरा मिळतो, आणि पाखरांनाही.

तेव्हा मैत्रिणींनो, जूनमध्ये पहिले ढग दिसले की स्वयंपाकघराच्या खिडकीशी जरा कान द्या. भाद्रपद-आश्विनात, ऊन उतरल्यावर, मुलांना घेऊन एखाद्या बोडीच्या पाळीवर या. तिकीट नाही, रांग नाही, काचही नाही. येताना मुलांच्या खिशातला दोरा तेवढा घरी ठेवून या.