कारण सापडले, अर्थ कोठे?

हैदराबादेतील हिमायतनगर या वस्तीस सातव्या निजामाचे थोरले पुत्र हिमायत अली खान यांचे नाव आहे. शहराबाहेरील हिमायतसागरासही तेच नाव आहे. त्या सागरामागे किती मृत्यू आहेत, हे वस्तीतील रहदारीतून वाट काढणाऱ्यांस क्वचितच आठवत असेल. वाचकहो, जीवनाला मुळात काही अर्थ आहे काय, असे कोणी विचारले म्हणजे आमचे मन ग्रंथांकडे न वळता त्या पाण्याकडे वळते.

28 सप्टेंबर 1908 रोजी मुशी नदीला महापूर आला आणि सुमारे 15,000 माणसे बुडाली. अफझलगंजातील एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशे जीव वाचले, असे सांगतात. झाडावर पोहोचले ते देवाचे लाडके आणि खाली राहिले ते नावडते, असे म्हणण्यास आमची तरी जीभ रेटत नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले, ते इतरांहून अधिक पापी होते ही समजूत प्रभू येशूनेच नाकारली, हे लूकच्या शुभवर्तमानात आपण ऐकतोच.

पुढे 1909 मध्ये अभियंते विश्वेश्वरय्या यांस पाचारण करण्यात आले. त्यांनी शोध केला. अतोनात पाऊस झाला होता आणि नदीच्या वरच्या अंगाची दोनशेंहून अधिक तळी फुटली होती. मग मुशीवर उस्मानसागर 1920 मध्ये, तर ईसी या तिच्या उपनदीवर हिमायतसागर 1927 मध्ये बांधून पुरा झाला. हे काम थोर खरेच. पण ज्या बाईचे लेकरू वाहून गेले, तिला तळी कशी फुटली हे समजावून काय होणार? तिच्याही ओठी ‘का?’ हाच शब्द असतो. मात्र ती पावसाविषयी विचारत नसते.

त्या पुरात अमजद हैदराबादी या तरुण उर्दू कवीची आई, पत्नी आणि कन्या बुडाली. घरात तो एकटाच उरला. गुरेही पुराला भितात. पण पाणी ओसरले की ती चरू लागतात. माणूस मात्र चिखलात उभा राहून गेलेल्यांची नावे घेतो. पुरात अर्थ होता असे आम्ही म्हणणार नाही. नावे घेणाऱ्या त्या माणसात तो आहे, असे आम्हांस वाटते. तहान लागली म्हणून जवळ विहीर असलीच पाहिजे असे नाही, हे आम्ही जाणतो; तथापि ज्या जिवास पाण्याची गरजच नाही, त्याला तहान तरी कशी लागावी?

अमजद यांनी पुढे रुबाई हा चार ओळींचा छंद हाती धरला आणि त्यातच त्यांचे नाव झाले. ईश्वर, मृत्यू आणि माणसाची असहायता हेच त्यांचे विषय. ते 1961 मध्ये वारले. पुरानंतर त्यांस त्रेपन्न वर्षे मिळाली होती.