कुर्तुबात दोन रकात

नाशिकच्या आम्हा विद्यार्थ्यांच्या युरोप सहलीत पॅरिस, बार्सेलोना पाहून झाले. तिथे फोटोंना कमी नव्हती. पण स्पेनमधल्या कॉर्डोबात, म्हणजे आपल्या इतिहासातल्या कुर्तुबात, आम्ही गप्प झालो.

इथली जामा मशीद अब्दुर्रहमान पहिला याने इ.स. 785 मध्ये बांधायला घेतली. 850 हून अधिक खांब, लाल-पांढऱ्या कमानी, कठड्यापलीकडे सोनेरी मिहराब. 1236 मध्ये तिचे चर्च झाले. मुसलमानांना आत नमाजची परवानगी नाही. जोहरची वेळ झाली. आमच्यातल्या एकाचे हात नकळत कानांपर्यंत गेले. पहारेकऱ्याने नुसती मान हलवली.

वाद न घालता आम्ही बाहेर पडलो आणि ग्वादलक्विवीर नदीच्या काठी सफ बांधून मुसाफिराची दोन रकात कसर अदा केली. सलाम फेरल्यावर गोदाकाठ आठवला. आठवली मोहल्ल्यातली आमची साधी मशीद, जिथली अजान ऐकूनही क्लासच्या घाईत आम्ही कितीदा पुढे निघून गेलो होतो! कमानी शतकानुशतके टिकतात, पण मशीद आबाद राहते ती नमाजींमुळे, हे तिथे उमगले.

परतल्यावर पहिल्या फजरला कोणी कोणाला हाक मारली नव्हती. तरी आम्ही सगळे एकाच सफेत उभे होतो.