पाक नसलेली वडी

दिवाळी आटोपली की जयपूरच्या गोपालपुरा बायपासवर शेंगांच्या हातगाड्या लागतात. ढिगाच्या मधोमध एक छोटं मडकं ठेवलेलं असतं, त्यात निखारे धुमसत असतात आणि त्या उबेवर शेंगा रात्रीपर्यंत गरम राहतात. क्लास सुटलेली मुलं-मुली ओंजळभर शेंगा घेतात आणि सोलत सोलत आपल्या खोल्यांकडे निघतात. या रस्त्याच्या दोन्ही अंगांना शिकवणी वर्ग, वाचनालयं, वसतिगृहं आणि खानावळी यांचीच दाटी आहे. आरएएस (राजस्थान प्रशासकीय सेवा), पटवारी, शिक्षक भरती अशा परीक्षांची तयारी करायला राजस्थानच्या गावागावांतून मुलं इथे येऊन राहतात. मी त्यांच्यासाठी आणि आसपासच्या घरांसाठी वड्या करून देते. नारळाची, आल्याची, संक्रांतीत तिळाची. पण सगळ्यात जास्त मागणी आहे ती दाण्याच्या मऊ वडीला. मुली तिला पीनट बटर फज म्हणतात, आणि तिच्यात पाक नसतो.

पाक नाही म्हणून ती सोपी. आमच्याकडच्या जुन्या दाण्याच्या वडीत सगळा जीव पाकात अडकलेला असायचा. दोन वाट्या कूट, वाटीभर साखर, साखर भिजेल एवढं पाणी. पाक गोळीबंदाच्या अलीकडे असताना कूट घातलं तर वडी ताटात बसत नाही, पलीकडे गेला तर सुरी टेकवताच भुगा होतो. मधले काही क्षणच आपले. पाण्यात थेंब टाकून बघायचा, बोटाच्या चिमटीत तार ओढायची, आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने ताटाला तूप लावायचं. पाकाला घाबरून कितीतरी चांगल्या हातांनी वड्यांचा नाद सोडला आहे.

पाक काढून टाकला की ही भीती जाते, यात शंका नाही. पण पाकाबरोबर आडोसाही जातो. कडक पाकातली साखर दाण्याचे बरेच दोष पोटात घेते. थोडा कच्चा दाणा, थोडा खवट, थोडा करपलेला, सगळं त्या गोडीत आणि कुरकुरीत खपून जातं. मऊ वडीत तसं होत नाही. ती जिभेवर विरघळते आणि मागे फक्त दाणा उरतो. त्यामुळे जी काळजी आपण पाकापाशी घेत होतो, तीच आता आधी, भाजताना आणि दळताना घ्यावी लागते. मेहनत तेवढीच, तिची जागा फक्त बदलली.

म्हणून मी दाण्यापासून सुरुवात करते. भुईमुगाच्या उत्पादनात गुजरातच्या पाठोपाठ राजस्थानचा क्रमांक लागतो. बिकानेर-जोधपूरकडचा माल तर येतोच, शिवाय जयपूरच्याच जिल्ह्यात चौमूच्या बाजूलाही भुईमूग होतो. खरिपाचं पीक ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघतं आणि लगेच बाजारात उतरतं. गोपालपुऱ्याहून टोंक रोडला लागलं की दुर्गापुरा. तिथल्या कृषी संशोधन संस्थेत भुईमुगाची नवी वाणं तयार झाली आहेत. आरजी ३८२ म्हणजे ‘दुर्गा’ आणि आरजी ४२५ म्हणजे ‘राज दुर्गा’, दोन्ही तिथली. ज्या दाण्यावर माझं काम चालतं, त्याच्यावर आयुष्य घालवणारी माणसं इतक्या जवळ बसली होती, हे मला इथे येऊन बऱ्याच वर्षांनी कळलं आणि फार आनंद झाला.

हा दाणा आपल्याकडच्यासारखा नाही. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राचं जेएल २४, म्हणजे ‘फुले प्रगती’, हे महाराष्ट्रात वर्षानुवर्षं पेरलं गेलेलं उपटं वाण. स्पॅनिश गटातलं. दाणा लहान, गोलसर, तेलाला बरा. इथली बरीचशी वाणं व्हर्जिनिया गटातली. दाणा लांबट आणि टपोरा, दिसायला देखणा, पण तेल सहसा जरा कमी. चिवड्यात, खारे दाणे करायला हा टपोरा दाणा उत्तम. वडीसाठी मात्र मी दुकानदाराला म्हणते, “भैया, बारीक दाना दिखाइए.” तो दर वेळी आश्चर्याने म्हणतो, “भाभीजी, मोटा ले जाओ ना, भाव तो एक ही है.” मी बारीकच घेते. तेल जितकं दाण्याचं स्वतःचं, तितकं वरून तूप कमी लागतं.

आणल्यावर दाणे ताटात पसरून निवडते. सुरकुतलेला, काळपट, बुरशीची छटा असलेला, फुटून आतून पिवळा पडलेला प्रत्येक दाणा बाहेर. हे काम घाईत करू नये, कारण बुरशी लागलेल्या भुईमुगात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं आणि घरच्या भाजण्याने ते पुरतं जात नाही. शिवाय दहा हजार दाण्यांतला एक खवट दाणाही दळताना सगळ्यात मिसळून जातो. शेंगा खाताना खवट दाणा थुंकता येतो. वडीत ती सोय नाही.

मग भाजणं. माझ्या मते या सगळ्या कामातलं हे एकच काम खरोखर शिकण्यासारखं आहे. जाड बुडाची लोखंडी कढई, मंद आच, आणि अर्ध्या किलोहून जास्त दाणे एका वेळी नाहीत. मोठ्या आचेवर साल लवकर डागते आणि आपल्याला वाटतं झालं, पण आतला दाणा कच्चाच असतो. कच्च्या दाण्याला हिरव्या शेंगेचा वास येतो, आणि तो वास वेलची-केशर कशानेही झाकत नाही. मंद आचेवर आधी दाण्यातला ओलावा निघतो. त्या वेळी कढईतून फक्त वाफेचा, मातीसारखा वास येतो. नंतर साली तडतडू लागतात. त्यानंतर कुठेतरी वास पालटतो, गोड होतो, आणि तो वास आल्यावर कढईपासून हलायचं नाही. एक दाणा काढून चिमटीत चोळायचा, दोन डाळिंब्या वेगळ्या करायच्या आणि आतला रंग बघायचा. मध्यभागी पांढरट दिसलं तर अजून थांबायचं. काठापासून मध्यापर्यंत सारखा फिकट बदामी रंग आला की ताबडतोब परातीत ओतायचे. कढईत ठेवले तर आच बंद केल्यावरही ते भाजतच राहतात, आणि परातीतसुद्धा एक छटा चढते. म्हणून हवा असलेला रंग यायच्या किंचित आधीच उतरवायचे. गरम दाणा चावून बघून काही कळत नाही. तो मऊच लागतो. कुरकुरीतपणा निवल्यावर येतो.

भट्टीवर वाळूत भाजलेले दाणे इथे सहज मिळतात आणि चवीला सुंदर असतात. वाळू दाण्याला सगळीकडून सारखी धग देते, कढईला ते जमत नाही. पण बहुधा त्यांत मीठ असतं आणि कधीकधी वाळूचा कण राहतो. मऊ वडीत एक कण दाताखाली आला तर सगळी वडी वाया गेल्यासारखी वाटते. म्हणून मी घरीच भाजते. ओव्हन असेल त्यांनी दीडशे अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं, मधे दोनदा हलवून, असं करावं. चांगलं होतं.

साली काढायला सुती पंच्यात बांधून चोळायचे आणि सुपात पाखडायचे. सोबत दाण्याच्या टोकाचा बारीक अंकुरही जेवढा निघेल तेवढा काढते. त्याला हलकी कडवट चव असते. घरच्या कुटात ती जाणवत नाही. इथे जाणवते.

आता दळणं. कूट करताना आपण जे टाळतो, तेच इथे मुद्दाम करायचं असतं. खिचडीसाठी, कोशिंबिरीसाठी कूट करताना मिक्सर थांबवत थांबवत फिरवतो, कारण जास्त फिरवला तर तेल सुटून गोळा होतो. वडीसाठी तोच गोळा हवा, आणि त्याच्याही पुढे जायचं. दाणे कोमट असतानाच छोट्या भांड्यात घालायचे. पहिल्यांदा भरड, मग कूट, मग ते ओलसर होऊन भांड्याच्या कडेला चिकटतं आणि पातं नुसतंच रिकामं फिरतं. इथे बरेच जण निराश होतात आणि वरून तेल किंवा पाणी घालतात. तेल नको, आणि पाणी तर अजिबात नको. चमचाभर पाण्यानेही दाण्याचं लोणी सैल व्हायच्या ऐवजी घट्ट गोळा होऊन बसतं. झाकण उघडायचं, कडेचं सगळं चमच्याने खाली ओढायचं, मोटर गरम झाली असेल तर तिला थंड होऊ द्यायचं, पुन्हा फिरवायचं. दाण्याच्या पेशी फुटत जातात, आतलं तेल बाहेर येतं, आणि एका क्षणी तो अडून बसलेला गोळा चकाकतो आणि वाहू लागतो. हे आजवर असंख्य वेळा पाहूनही मला दर वेळी तेवढंच नवल वाटतं. काहीही न घालता कोरड्या दाण्याचं लोणी होतं. जवळजवळ निम्मं तेल त्या दाण्यात आधीपासूनच होतं.

साखरेचं उत्तर मला जयपूरने दिलं. पिठीसाखर घातली तर वडी होते, पण विकतच्या आयसिंग शुगरमध्ये मक्याचं पीठ असतं. उपासाला चालत नाही, आणि जिभेला एक पिठूळ थर जाणवतो. इथल्या वाण्याकडे तगार मिळते. काही जण बूरा म्हणतात. साखरेचा पाक करून तो आचेवरून उतरवून सतत घोटत राहिलं की त्याचे बारीक, हलके, कोरडे कण होतात. लाडवांसाठी राजस्थानात घरोघरी हीच वापरतात. मी ती पहिल्यांदा दाण्याच्या लोण्यात मिसळली तेव्हा लक्षात आलं की पाक टळलाच नव्हता. तो कुणीतरी आधीच करून ठेवला होता.

पाश्चात्त्य फजचं मर्मही तेच आहे. साखर-दुधाचा पाक साधारण ११२ ते ११६ अंशांवर उतरवतात, न हलवता कोमट होऊ देतात आणि मग जोरात घोटतात, म्हणजे साखरेचे कण फार बारीक जमतात आणि खाताना रवाळ लागत नाहीत. घाईने, गरम असतानाच घोटलं तर कण मोठे होतात. तगार करणारा कारागीर मोठ्या कढईत याच घोटण्याने कण बारीक ठेवतो, फक्त त्याला ते कोरडे हवे असतात.

फजचा इतिहास वाचताना मला गोपालपुऱ्याच्या मुली आठवतात. अमेरिकेत व्हासार या मुलींच्या कॉलेजात १८८८ साली एमेलिन हार्ट्रिज या विद्यार्थिनीने कॉलेजमधल्या लिलावासाठी तीस पौंड चॉकलेट फज केला होता. त्याआधी १८८६मध्ये बाल्टिमोरमध्ये तो चाळीस सेंट पौंड या भावाने विकला जात होता, असं तिने नंतर लिहिलेल्या एका पत्रात आहे. पुढे वेलस्ली आणि स्मिथ या कॉलेजांतल्या मुलींनी आपापल्या तऱ्हा काढल्या. घरापासून लांब, अभ्यासाच्या ओझ्याखाली, एका छोट्या शेगडीवर गोड करून वाटून खाणाऱ्या मुलींनी हा पदार्थ वाढवला. इथेही तसंच आहे. खोलीत एक इंडक्शन, एक पातेलं, कुठल्यातरी मैत्रिणीचा मिक्सर. त्या विचारतात, “आंटी, हमसे बनेगा क्या?” बनेल, नक्की बनेल. या वडीला शेवटच्या टप्प्यात आचसुद्धा लागत नाही.

माझं माप असं. भाजून सोललेले दाणे पाव किलो, तगार दीडशे ग्रॅम, साजूक तूप पन्नास ग्रॅम, दुधाची पावडर पन्नास ग्रॅम, चिमूटभर सैंधव, वेलची. मीठ वगळू नये. त्याच्याशिवाय दाण्याची चव गोडात हरवते. दाण्याचं लोणी वाहू लागलं की त्यात पातळ, कोमट तूप घालायचं, मग चाळून घेतलेली तगार आणि पावडर एकत्र करून थोडी थोडी. हाताने मळू नये, उलथन्याने दाबत मिसळावं, नाहीतर तेल सुटून वर येतं. गोळा भांडं सोडू लागला की तूप लावलेल्या ताटात थापायचा आणि वाटीच्या बुडाने सारखा करायचा.

पुढचं काम हवेचं, आणि इथली हवा पुण्यासारखी नाही. जानेवारीत ताट स्वयंपाकघरात नुसतं झाकून ठेवलं तरी तूप गोठून वडी घट्ट होते. अशा वेळी मी तूप दहा-पंधरा ग्रॅम कमी करते, नाहीतर वडी मेणचट लागते. मे महिन्यात पारा ४५ला टेकला की हीच वडी ताटात लोळत राहते. तेव्हा तूप निम्मं, दुधाची पावडर वाढवून, आणि फ्रिजशिवाय पर्याय नाही. हवा कोरडी असल्यामुळे कडा लवकर सुकतात, म्हणून कापल्यावर लगेच डब्यात बंद करायच्या. कोकणातल्या पावसात वड्या पाघळतात. इथे त्या वाळतात. मला विचाराल तर वाळणं परवडलं. झाकणाने ते थांबतं.

संक्रांतीला जयपूरचं आकाश पतंगांनी भरतं आणि घराघरांत फीणी, तिळाचे लाडू, गजक, ब्यावरची तिलपट्टी येते. शेजारणी चौदा-चौदा वस्तूंचं दान करतात. त्यांच्या ताटांत मी तिळगुळाबरोबर या वड्या ठेवते. आषाढीला काही मराठी घरं मागवतात, आणि तेव्हा मी दुधाची पावडर काढून तिच्या जागी सुक्या नारळाचा बारीक कीस भाजून घालते. ती वडी थोडी खरखरीत होते, पण उपासाच्या दिवशी जास्त समाधान देते.

मुलींना मी एवढंच बजावते की जास्त करून साठवू नका. दाणा एकदा दळला की त्याचं तेल हवेला उघडं पडतं आणि खवट व्हायला लागतं. हिवाळ्यात दोन आठवडे, उन्हाळ्यात फ्रिजमध्ये आठवडाभर. गावी डबा पाठवायचा असेल तर वडी आदल्या रात्री थापा, सकाळी कापा आणि त्याच दिवशीच्या बसला द्या. आणि दाणे नोव्हेंबरात नवे आले की वर्षाचे घेऊन ठेवायचे असतील, तर शेंगाच घ्या. टरफलात दाणा जास्त टिकतो. लागतील तशा फोडा.