माळवद उतरवताना

माजघरावरची माती उतरायला पूर्ण दोन दिवस लागले. दोघं गडी वर फावड्यानं ओढत होते, दोघं टोपल्या खाली देत होते. चौकात ढीग वाढत होता आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओसरीवर बसून टोपल्या मोजत होत्या. तीनशेच्या पुढं गेल्यावर त्यांनी मोजणं सोडलं. "एवढी माती डोक्यावर घेऊन झोपत होतो की ग आपण," असं म्हणून बराच वेळ वर बघत राहिल्या. रात्री मी वहीत हिशेब मांडला. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोली, वर दीड फूट माती. घनमीटरला सोळाशे किलो धरले तरी पावणेसात टनांच्या वर भरतात. पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरातली माणसं या ओझ्याखाली जेवली, झोपली, बाळंत झाली.

घर भालकी तालुक्यातलं. घरात मराठी, गल्लीत कानडी आणि दखनी, कचेरीत कानडी. माझं माहेर उदगीरचं. १ नोव्हेंबर १९५६ ला जुना बिदर जिल्हा वाटला गेला तेव्हा उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले आणि भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात. त्यामुळं कागदावर मी परराज्यात दिलेली मुलगी. पण घरं दोन्हीकडची सारखीच: दगड-मातीच्या दोन-अडीच फूट रुंद भिंती, सागवानी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट, पाटांवर निंबाचा पाला आणि त्यावर मातीचा थर. मराठीत माळवद, कानडीत माळगी. उन्हाळ्यात बाहेर बेचाळीस अंश असताना आत गार वाटायचं ते या मातीमुळंच.

१९९३ साली ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी उदगीरला नववीत होते. रात्री गणपती बोळवून लोक दमून झोपले होते, चारला चार मिनिटं कमी होती. लातूर-उस्मानाबादच्या त्या पट्ट्यात जवळजवळ दहा हजार माणसं गेली, बरीचशी आपल्याच घराखाली. आमच्याकडच्या भिंती बाहेरून एकसंध दिसतात, पण आतून त्या दोन पडद्यांच्या असतात. बाहेरचा दगडाचा थर, आतला दगडाचा थर आणि मध्ये माती नि कपच्यांची भर. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड नसला की हादऱ्यानं ते एकमेकांपासून सुटतात आणि वरचं ओझं खाली येतं. तेव्हापासून आमच्या भागात माळवदाखाली झोपताना माणूस एकदा तरी वर बघतो.

म्हणून घर दुरुस्तीला काढायचं ठरलं तेव्हा भावकीतून एकच सल्ला आला: जेसीबी लावा, पाडा, स्लॅब टाका. गल्लीतली निम्मी घरं तशीच झाली आहेत. मला ते पटत नव्हतं. लाकूड खणखणीत होतं. आदिलाबादच्या जंगलातलं सागवान म्हणून घरात सांगत आलेत. खांबावर हाताची मूठ आपटली की भरीव आवाज यायचा. आम्ही एका इंजिनिअरला आणून दाखवलं. त्यांनी स्वच्छ सांगितलं की मातीच्या भिंतीवर स्लॅब ठेवणं म्हणजे ओझं वाढवणं; घर ठेवायचं असेल तर आधी माती उतरवा, मग भिंतीत जागोजागी आरपार भोकं पाडून सळई घालून काँक्रीट भरा, आणि दारांच्या वरच्या उंचीला चारी भिंतींना काँक्रीटचा पट्टा बांधा. किल्लारीनंतर त्या भागातली जुनी घरं अशीच मजबूत केली होती, हेही त्यांनीच सांगितलं. आम्ही तसंच केलं. पाटांवर ताडपत्री, वर हलक्या लोखंडी सांगाड्यावर पत्रा, मध्ये वारा खेळायला एक हात जागा. खालून बघितलं तर जुनं कडीपाट जसंच्या तसं. छतातलं सानं, ज्यातून चुलीचा धूर जायचा आणि दुपारी उजेडाचा चौकोन जमिनीवरून सरकत जायचा, तेही ठेवलं. वर फक्त जाड काच बसवली.

बारा कड्यांपैकी पाच मात्र काढाव्या लागल्या. भिंतीत गेलेली टोकं ओल पिऊन कुजली होती, बोट घातलं तर भुगा येत होता. मधलं सहा-सात फूट लाकूड उत्तम. आरा मशीनवाल्यानं ते घ्यायला नकार दिला. जुन्या लाकडात खिळे असतात, पातं तुटतं. त्याचंही बरोबर होतं. मग मुलाच्या खेळण्यातलं मोठं चुंबक दोरीला बांधून आम्ही प्रत्येक कडीवरून इंच इंच फिरवलं. जिथं दोरी ताणली जाई तिथं खडूची खूण. एका कडीत नऊ खिळे निघाले, सगळे लोहाराच्या हातचे, चौकोनी अंगाचे, डोकं एकाचं दुसऱ्यासारखं नाही. ते मी बरणीत भरून ठेवलेत. त्या पाच कड्यांच्या फळ्या पाडून जेवणाचं मेज झालं, दोन बाकडी झाली आणि स्वयंपाकघरातली मांडणी झाली. गावातले सुतार, बडगीकाका, सत्तरीचे आहेत. त्यांनी मेजाचे पाय कुसू पाडून बसवले, एक खिळा मारू दिला नाही. रंधा पहिल्यांदा फिरला तेव्हा वरची काळी साल गेली आणि आतून मधासारखा रंग आला, सागाच्या तेलाचा वास घरभर झाला. आत्याबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "ह्याचा वास अजून आहे?" एवढंच म्हणाल्या.

मेजाला मी जवसाचं तेल लावलं. लाखेचं पॉलिश दिसायला देखणं, पण त्यावर गरम भांडं ठेवलं की पांढरा डाग उठतो आणि आमच्याकडं जेवताना आमटीचं पातेलं थेट मेजावर येतं. तेल उकळलेलं घ्यायचं, थोडं टर्पेंटाइन घालून पातळ करायचं, फडक्यानं चोळायचं, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं पुसून टाकायचं. असे चार हात, दर हातानंतर दोन दिवस वाळवण. एक गोष्ट प्रत्येकानं लक्षात ठेवावी: जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. ती वाळताना आपोआप तापतात आणि ढिगाऱ्यात पेट घेऊ शकतात. मी ती परसात दगडावर एकेक पसरून ठेवायची.

सगळ्यात जास्त दिवस गेले ते माजघराच्या दारात. वर गणेशपट्टी, कडेनं वेलबुट्टी, पण सगळं ऑइलपेंटमध्ये बुडालेलं. दर लग्नाला एक हात बसला होता. वर आकाशी, खाली पोपटी, त्याखाली चॉकलेटी आणि तळाशी एक करडा थर. वेलीच्या पानांच्या शिरा भरून गेल्या होत्या, गणपतीच्या सोंडेचा नुसता उंचवटा राहिला होता. कुणीतरी कॉस्टिक सोडा सुचवला. मी उजव्या फळीवर तो लावला आणि रंगाबरोबर लाकूडही काळवंडलं. सागवानाला सोडा चालत नाही, हे त्या दिवशी कळलं. ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्यानं तीनदा धुतल्यावर बराचसा रंग परतला, तरी त्या फळीच्या खालच्या भागात सावली राहिली आहे. नीट बघणाऱ्याला ती दिसते.

डाव्या फळीला मग घाई केली नाही. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असतं. आपल्या देशात घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण दहा लाखांत नव्वद भागांवर आणणारा नियम लागू झाला तो २०१७ च्या नोव्हेंबरात. आमच्या दारावरचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. असा रंग कोरडा घासला की धूळ श्वासात जाते, आणि लहान मुलांना ती सर्वांत वाईट. म्हणून मुलांना त्या बाजूला येऊ दिलं नाही, तोंडाला मास्क, खाली प्लॅस्टिक आणि रंग कायम ओला ठेवून खरवडायचा. सपाट जागी पत्र्याचं पातं, नक्षीत बांबूची टोकदार काडी. रोज शाळा सुटल्यावर दोन तास. एका दिवसात वीतभर वेल मोकळी व्हायची. अकराव्या दिवशी सोंडेखाली हातातला मोदक सापडला. तिथं मोदक आहे हे आत्याबाईंनाही माहीत नव्हतं, आणि त्या या घरात येऊन बावन्न वर्षं झाली होती.

भिंतींचा प्रश्न सोपा होता, फक्त धीर हवा होता. आधीच्या दुरुस्तीत कुणीतरी खालच्या चार फुटांना सिमेंटचा गिलावा केला होता. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटनं तिचं तोंड बांधलं की ओल आतच साठते आणि गिलावा पोपडे धरून सुटतो. तो सगळा काढला, मातीचा गिलावा केला, वर चुना. चुना पंधरा दिवस भिजवून ठेवला, शेवटच्या हाताला चिमूटभर नीळ. देवळ्या आणि कोनाडे आतून गेरूनं रंगवले, तेवढीच सजावट. खाली फरशी शहाबादी. शहाबाद आमच्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं गाव. तिथल्या चुनखडीच्या लाद्या महाराष्ट्रभर स्वयंपाकघरांत आणि अंगणांत पोचल्या आणि गावाचं नाव दगडालाच पडलं. आम्ही लाद्या खडूनं आकडे घालून उचलल्या, खालची माती चोपली, त्याच क्रमानं परत बसवल्या. दुकानदार चकचकीत टाइल्स दाखवत होता. पण जिथं जात्याजवळ बसून बसून लादीला खळगा पडला आहे ती लादी फेकायला माझा हात धजेना.

मधल्या एका रविवारी बिदरला जाऊन आले. किल्ल्यातला रंगीन महाल लहानपणी सहलीत बघितला होता, या वेळी लाकूडकामासाठी बघितला. बरीदशाहीत, अली बरीदच्या काळात सजवलेली ती दालनं: कोरीव लाकडी खांब, काळ्या दगडात बसवलेले शिंपल्याचे तुकडे. खांबावर कुठंही रंगाचा थर नाही, नक्षीची धार अजून बोटाला लागते. येताना घरचं बिदरी पानदान एका कारागिराकडं दिलं. कुणीतरी ते ब्रासोनं घासून करडं केलं होतं. जस्त आणि तांब्याचा मिश्रधातू, त्यात चांदीची तार ठोकलेली. किल्ल्यातली जुनी माती नवसागराच्या पाण्यात उकळून लावली की धातू काळा पडतो आणि चांदी तशीच पांढरी राहते. उस्तादांनी ते माझ्यासमोर केलं. काळा चिखल पाण्यानं धुतला, तेलाचा हात फिरवला आणि पानदानावरची फुलं एकदम वर आली. "घिसने का नै, बेटी. तेल का हाथ बस," असं त्यांनी बजावलं. ते पानदान आता गेरूच्या कोनाड्यात आहे.

एका गोष्टीवर मात्र आत्याबाई आणि मी अडलो. त्यांच्या सासूबाईंनी शिवलेली एक वाकळ आहे, कानडीत तिला कौदी म्हणतात. इरकलीचे, खणाचे, धोतराचे तुकडे, एकाआत एक चौकोन, सबंध अंगावर हातटाके. मी ती ढाळजेत भिंतीवर लावायची म्हणत होते. "पांघरायची वस्तू भिंतीला काय करलालीस? भिंतीला थंडी वाजते का?" मी दोन दिवस वाद घातला, मग सोडून दिला, कारण त्यांचं म्हणणं मला मनातून पटलं होतं. वाकळ उन्हात टाकली, उसवलेले टाके आम्ही दोघींनी मिळून घातले, आणि ती आता दिवाणावर असते. दुपारी त्यावर कुणी ना कुणी झोपलेलं असतं.

शेवटी राहिलं होतं ते आजेसासऱ्यांचं बसकं मेज, ढाळजेत गादीवर बसून लिहायचं, उतरत्या झाकणाचं. वर शाईचे डाग, बिजागरी मोडलेली. शाईचे डाग मी ठेवले. ते घासायचे तर लाकूड खोल जाईल, आणि कशासाठी? बिजागरी पितळेची नवी घातली, घुणाची भोकं मेण आणि लाखेनं भरली, अंगाला लाखेचे सहा पातळ हात दिले. स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवलेला चपडा, कापसाची गुंडी सुती कापडात बांधून, एकाच दिशेनं. खणाच्या तळाला चिकटवलेला कागद कुजला होता म्हणून तो वाफेवर सोडवला. खाली आणखी एक कागद निघाला, उर्दूत लिहिलेला, शिक्का मारलेला.

गल्लीतल्या निवृत्त मास्तरचाचांना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसून वाचलं. साल १३५४ फसली, म्हणजे १९४४-४५, निजामी अमल. शेतसाऱ्याची पावती, रक्कम हाली सिक्क्यात, नाव आजेसासऱ्यांचं. पुढं त्यांनी शेताचा नंबर वाचला आणि आत्याबाई चहाचा कप ठेवून पुढं सरकल्या. "परत वाचा." चाचांनी परत वाचला.

"ते तर विहिरीचं रान आपलं," आत्याबाई म्हणाल्या. त्या आत गेल्या, ट्रंकेतून या वर्षीची कानडी पहाणी घेऊन आल्या, नंबर चाचांकडून ताडून घेतला. मग पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, खणाच्या तळाशी ठेवली, तिच्यावर पहाणी ठेवली आणि खण हळूच ढकलून बंद केला. लाख अजून पुरती वाळली नव्हती. पुढच्या फळीवर त्यांच्या अंगठ्याचा ठसा उमटला. मी तो पुसला नाही.