एकवीस पट्टे

रेषेला लांबी असते पण रुंदी नसते, हें वाक्य आम्हीं शाळेच्या फळ्यावर बत्तीस वर्षें लिहिलें. तें लिहितांना आम्हीं काढून दाखविलेली खडूची रेघ चांगली करंगळीएवढी जाड असे. पण या विसंगतीकडे बोट दाखविण्याचें धैर्य वर्गांतील एकाहि मुलाला होऊं नये, असा आमचा चेहराहि असे. त्या उपेक्षित रुंदीनें गेल्या दिवाळींत आमच्यावर यथेच्छ सूड उगविला.

निमित्त आमच्या नातीचें. तिच्या खोलीच्या एका भिंतीवर निळे उभे पट्टे हवेत, असा तिनें हट्ट घेतला. खोलीला सायीसारखा पिवळट रंग देऊन रंगारी सणासाठीं आपल्या गांवीं जायला निघाला होता. पट्ट्यांचें नांव काढतांच तो हंसून म्हणाला, "साहेब, पट्टे घरच्या घरीं होतील. घाई तेवढी करूं नका. आणि दोन्ही कोपऱ्यांतले पट्टे जमिनीच्याच रंगाचे ठेवा." भिंतीच्या मूळ रंगाला हीं मंडळी 'जमीन' म्हणतात. त्याच्या शेवटच्या वाक्याचा अर्थ तेव्हां आम्हांला कळला नाहीं. आणि न कळलेलें विचारावें, ही संवय शिक्षकाला सहसा नसते.

चिरंजीवांनीं चार दिवसांची रजा काढली व कामांत आम्हांलाहि ओढलें. येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. आम्ही पितापुत्र एकाच छपराखालीं राहतों. भांडण म्हणावें असें आमच्यांत कांहीं नाहीं. पण आमचें बोलणें विजेचें बिल आणि पावसाचा अंदाज यांपलीकडे फारसें जात नाहीं. तेव्हां चार दिवस एका भिंतीसमोर उभें राहण्याचा हा प्रसंग आम्हांला थोडा अवघडच वाटला.

प्रारंभ मोजणीनें झाला. भिंत निघाली बारा फूट तीन इंच, म्हणजे १४७ इंच. सात इंचांचा एक पट्टा धरला तर बरोबर २१ पट्टे. संख्या विषम असल्यामुळें दोन्ही टोकांना एकच रंग येतो. ११ पट्टे जमिनीचे, १० निळे. हा भागाकार आम्हीं तोंडीं केला, आणि नातीकडून शाबासकीहि मिळविली. पुढचें सारें, आम्हांला वाटलें, फूटपट्टी आणि पेन्सिल यांचें काम. कोपऱ्यापासून सात सात इंच मोजीत जावें, खुणा जोडाव्या, संपलें!

चिरंजीवांनीं छताशीं एक खिळा मारला आणि त्याला ओळंबा टांगला. लोखंडी गोळा हेलकावे घेत घेत हळू हळू थांबला, आणि दोरी व कोपरा यांच्यामध्यें जें दिसलें तें पाहून आम्ही थक्क झालों. दहा फुटांच्या उंचींत कोपरा पाऊण इंच आंत कलला होता! नाचतां येईना अंगण वांकडें, असें आम्ही पोरांना हिणवीत आलों. येथें अंगण खरोखरच वांकडें होतें. ज्या खोलींत आम्ही तीस वर्षें वावरलों, ती सरळ नाहीं ही बातमी दोन रुपयांच्या सुतळीनें द्यावी!

मग वाद झाला. आमचें म्हणणें, पट्टे कोपऱ्याला समांतर असावेत, "आपल्याला या घरांत राहायचें आहे, गुरुत्वाकर्षणांत नव्हे." चिरंजीवांचें म्हणणें, पट्टे ओळंब्याला धरून असावेत, कारण एका कोपऱ्याशीं इमान राखावें तर दुसऱ्याशीं बेइमानी होते आणि मधली खिडकी तर तिसरेंच कांहीं सांगते. अखेर रंगाऱ्याचें वाक्य आठवलें, आणि आतां त्याचा अर्थहि उलगडला. कोपऱ्यांतला पट्टा जमिनीच्या रंगाचा ठेवला, कीं त्याचा रंग शेजारच्या भिंतीच्या रंगांत मिसळून जातो. तो खालीं सात इंच आणि वर सव्वासहा इंच असला तरी कुणाच्या लक्षांत येत नाहीं. घराचा वांकडेपणा नाहींसा होत नाहीं. त्याला फक्त मुकाट्यानें बसायला जागा मिळते.

डोळ्याला सरळ काय दिसतें आणि सरळ काय असतें, हे दोन निराळे प्रश्न आहेत. अथेन्सचें पार्थेनॉन हें मंदिर सरळ रेषांचा आदर्श म्हणून शतकानुशतकें वाखाणलें गेलें. फ्रान्सिस पेनरोज या इंग्रज स्थापत्यज्ञानें त्याचीं काटेकोर मापें घेऊन तीं १८५१ सालीं प्रसिद्ध केलीं. मंदिराचा चौथरा समोरच्या बाजूला मध्यभागीं सुमारें सहा सेंटिमीटर, तर लांब बाजूंना सुमारें अकरा सेंटिमीटर वर उचललेला आहे! हें नजरेच्या समाधानासाठीं, कीं पावसाचें पाणी वाहून जावें म्हणून, यावर पंडितांत मतभेद आहेत. पण सरळपणाच्या त्या आदर्शाचा पायाच कमानदार आहे, हें मात्र खरें. उभ्या पट्ट्यांनीं खोली उंच दिसते, असें आमच्या सौभाग्यवतींसकट सर्वांचें मत. पण हेल्महोल्ट्स या जर्मन शास्त्रज्ञानें गेल्या शतकाच्याहि मागच्या शतकांत दाखवून दिलें आहे, कीं आडव्या रेघांनीं भरलेला चौरस उलट अधिक उंच भासतो. आम्हीं हें घरांत सांगून पाहिलें. पट्टे उभेच राहिले. तंजावरकडील देवळांच्या आवारभिंतींवर चुना आणि काव यांचे उभे पट्टे मारणाऱ्यांनीं तरी हेल्महोल्ट्सला कोठें विचारलें होतें?

दुसऱ्या दिवशीं टेप. कागदाची ही चिकट पट्टी रिचर्ड ड्रू नांवाच्या एका अमेरिकन तरुणानें १९२५ सालीं तयार केली, हें आम्हांला चिरंजीवांनींच सांगितलें. हा तरुण पॉलिश-कागद करणाऱ्या एका कारखान्यांत कामाला होता. त्या काळीं मोटारींना दोन रंग देण्याची टूम निघाली होती. पण दोन रंगांमधली कड सरळ येईना, आणि चिकटविलेला कागद काढतांना खालचा रंगहि सोलून येई. कारागिरांचा तो त्रागा पाहून त्यानें ही युक्ति शोधली. मात्र नुसत्या टेपनें भागत नाहीं. भिंतीच्या बारीक खडबडीतून रंग टेपखालीं शिरतो. त्याला उपाय असा, कीं टेप दाबून बसविल्यावर तिच्या कडेवरून आधीं जमिनीचाच रंग फिरवावयाचा. जें कांहीं आंत झिरपायचें तें त्याच रंगाचें झिरपतें व दिसत नाहीं, आणि मागून येणाऱ्या निळ्याला वाट उरत नाहीं. मग निळ्याचे दोन पातळ हात, आणि दुसरा हात ओला आहे तोंच टेप हलकेंच मागें दुमडून ओढून काढावयाची.

टेप किती लागेल याचा हिशेब अर्थात् आमच्याकडे होता. दहा पट्ट्यांच्या वीस कडा, प्रत्येकी दहा फूट, म्हणजे दोनशें फूट. वीस मीटरच्या तीन गुंडाळ्यांचे होतात १९७ फूट. तीन फूट कमी पडतात हें आम्हांला दिसत होतें. पण "तेवढें निभेल" असें आम्हींच म्हटलें. गणिताच्या शिक्षकानें हा शब्द उच्चारावा! फाटाफुटींत आणखी कांहीं फूट गेले, आणि पाडव्याच्या दिवशीं, दुकानें बंद असतांना, शेवटच्या पट्ट्याची एक सबंध कड उघडी राहिली.

चिरंजीवांनीं क्षणभर भिंतीकडे पाहिलें, बारीक कुंचला निळ्यांत बुडविला आणि घोड्यावर चढून पेन्सिलीच्या खुणेवरून वरून खालीं एक रेघ ओढली. श्वास रोखून, एका लयींत, कोठेंहि न थबकतां. रेघ सुतांत होती. कुंचला त्याच्या डाव्या हातांत होता.

तो सात वर्षांचा असतांना आम्हीं त्याच्या वहीचें पान टरकावलें होतें. समास वांकडा आला म्हणून. डाव्या हातानें ओढलेली रेघ सरळ येणारच नाहीं, असें आमचें ठाम मत. म्हणून त्याच्या उजव्या हातांत रूळ कोंबून एकाच समासाच्या रेघा संध्याकाळभर काढायला लावल्या होत्या. तो रडला नाहीं. आमच्यासमोर पुढें त्यानें डावा हात कधीं वापरला नाहीं. आणि आमच्यासमोर फारसें कांहीं बोललाहि नाहीं. या दोन गोष्टींचा एकमेकींशीं संबंध असेल, हें सिद्ध करायला आम्हांला तीस वर्षें आणि एक भिंत लागली.

तो घोड्यावरून उतरल्यावर आम्ही म्हणालों, "हात चांगला आहे तुझा."

कुंचला पुसतां पुसतां त्यानें विचारलें, "कोणता, बाबा?"

प्रश्नांत टोमणा नव्हता. त्यामुळेंच उत्तर देणें कठीण गेलें. आम्ही बराच वेळ त्या ओल्या रेघेकडे पाहत राहिलों. मग म्हणालों, "डावा. आधींपासूनच चांगला असणार. आम्हांला ओळंबा धरतां आला नाहीं." त्यानें मान हलविली. एवढेंच. पण चहा येईपर्यंत तो खोलींतून गेला नाहीं.

संध्याकाळीं सगळ्या टेपा निघाल्या. एकोणीस कडा सुरीनें कापल्यासारख्या होत्या. खिडकीकडून तिसऱ्या पट्ट्याच्या उजव्या कडेला मात्र, छातीच्या उंचीवर, बोटभर निळा ओघळ पिवळ्यांत शिरला होता. ती टेप आम्हीं दाबली होती आणि वरून जमिनीचा रंग फिरवायला विसरलों होतों. ओशाळून आम्ही पिवळ्याचा डबा शोधूं लागलों, तों चिरंजीव म्हणाले, "राहूं द्या, बाबा. कांहीं बिघडत नाहीं."

तो ओघळ अजून तेथें आहे. नात पाहुण्यांना बोट लावून दाखविते, "हा आजोबांचा." आम्ही विरोध करीत नाहीं. वांकड्या रेघेचें पान न फाडतां ठेवतां येतें, हें त्या भिंतीनें आम्हांला उशिरां शिकविलें; आणि शिकविणाऱ्यानें एकदांहि आवाज चढविला नाहीं.