घरट्यावरचा नर

मासा भुकेनं गरीला लागला तर मला त्याचं काहीच वाटत नाही. पण अंड्यांची राखण करणाऱ्या माशाला डिवचून डिवचून पकडणं मी गेल्या मार्चमध्ये टेक्सासच्या लेक फोर्कवर पाहिलं, आणि तो राग अजून गेलेला नाही.

लेक फोर्क म्हणजे डॅलसच्या पूर्वेला मोटारीनं दीडेक तासावरचं धरण, 27 हजार एकरांचं. 1980 साली पाणी अडवलं तेव्हा पुष्कळशी झाडं न तोडता तशीच बुडू दिली. टेक्सासचा विक्रमी लार्जमाउथ बास, 18.18 पौंडांचा, 1992 साली इथेच मिळाला. बुडालेल्या त्या खोडांत जिग टाकायचा. शिशाचं डोकं, त्यात रुतवलेली गरी, भोवती रबरी झालर, फांद्यांत अडकू नये म्हणून ताठ तंतूंचा झुपका, आणि मागे मऊ प्लास्टिकचा क्रॉफिश. जिग खाली उतरत असतानाच बहुधा मासा तो घेतो. हाताला जेमतेम ठक् जाणवतं, नाहीतर दोरी एकाएकी सैल पडते. मी मालवणचा, गरवण्यात वाढलेला. तरी इतकं सुख दुसऱ्या कशात मिळालं नाही.

त्या दिवशी बोट एका उथळ फाट्यात शिरली. तळाशी ताटाएवढी साफ केलेली जागा दिसत होती आणि तिच्यावर एक नर तरंगत होता. मादी अंडी घालून निघून जाते; पुढे शेपटीनं वारा घालणं, राखण करणं, सगळं नराकडे. माझ्या सोबत्यानं जिग घरट्यापलीकडे टाकून अलगद आत ओढला. नरानं तो ओठांत धरला, बाहेर नेला, थुंकला. पुन्हा टाकला. पुन्हा थुंकला. खाण्याचा प्रश्नच नव्हता, तो फक्त घर साफ करत होता. मी म्हटलं, “सोड रे आता.” त्यानं ऐकलं नाही. शेवटी गरी लागली. मग माप, वजन, एक फोटो, उन्हाकडे तोंड करून दुसरा फोटो. आणि तोवर खाली ब्लूगिल माशांचा थवा त्या घरट्यावर तुटून पडला होता.

मासा 18 इंचांचा. लेक फोर्कवर 16 ते 24 इंचांमधला बास सोडावाच लागतो. त्यानं सोडला. म्हणजे नियम पाळला!

ऑन्टारिओत बऱ्याच भागांत बासची मासेमारी जूनच्या उत्तरार्धापर्यंत बंद असते. आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत. टेक्सासात बाससाठी बारा महिने मोकळीक. इतकी घरटी असतात, थोडी गेली तर काय बिघडतं, असं सोबती म्हणाला. लेक फोर्क आजही मोठ्या बाससाठी नावाजलेलं आहे, त्यामुळे मला त्याला खोडून काढता आलं नाही. शिवाय आमच्या घरी गाबोळीच्या माशासाठी भांडणं व्हायची, तेव्हा अंड्यांची कणव कोणाला आली होती? तरीही मला ते आणि हे एक वाटत नाही.

वसंतात जिग टाकायचाच असेल तर फाट्याच्या तोंडाशी, खोल कडेला टाका. अंडी घालून परतलेल्या मोठ्या माद्या तिथे मिळतात. घरट्यावरचा नर चुकून लागलाच, तर पाण्यातच गरी सोडवून जागच्या जागी सोडा, फोटो नको. यंदाही मी त्याच्याच बोटीतून जाणार आहे. उथळ फाट्यात शिरायचं नाही, हे कबूल करून घेतलंय. तो पाळेल याची मला खात्री नाही.